हाराल्ड हिर्शस्प्रुंग

हाराल्ड हिर्शस्प्रुंग (जन्म : १४ डिसेंबर १८३०, कोपनहेगन, मृत्यू : ११ एप्रिल १९१६, कोपनहेगन) हे डेन्मार्कमधील बालरोगतज्ज्ञ होते. नवजात अर्भके आणि लहान मुले यांच्या अन्ननलिका, जठर व आतडी यांमधील दुर्मिळ विकारांचा त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला. मोठे आतडे जन्मापासूनच प्रमाणाबाहेर फुगलेले असणे व त्यामुळे अर्भकाला अत्यंत चिवट बद्धकोष्ठ होणे, या विकाराचे तपशीलवार वर्णन त्यांनी १८८६ साली बर्लिन येथे सादर केले. हा विकार आज जगभर 'हिर्शस्प्रुंग रोग' या नावाने ओळखला जातो. भारतातील डॉक्टरांच्या बोलण्यात या नावाचा 'हर्शस्प्रंग' असाही उच्चार ऐकू येतो.

या रोगाचे वर्णन त्यांनी अचूक केले. मात्र त्याचे खरे कारण त्यांना उमगले नाही. शवविच्छेदनात जो फुगलेला भाग त्यांच्या नजरेत भरला, तो मुळात निरोगी होता. रोग होता तो त्याच्या खालच्या, दिसायला साध्या वाटणाऱ्या अरुंद भागात. ही गोष्ट निर्विवादपणे सिद्ध होण्यास त्यांच्या निबंधानंतर सुमारे ६० वर्षे लागली.

कुटुंब आणि बालपण

हिर्शस्प्रुंग यांचे घराणे जर्मन वंशाचे ज्यू कुटुंब होते. या आडनावाचा जर्मन भाषेतील अर्थ 'हरणाची उडी' असा होतो. त्यांचे वडील आब्राहाम मार्कस हिर्शस्प्रुंग यांनी १८२६ मध्ये कोपनहेगन येथे तंबाखूचा व्यवसाय सुरू केला. पुढे त्याचे मोठ्या कारखान्यात रूपांतर झाले व हे घराणे शहरातील सुस्थित उद्योजकांमध्ये गणले जाऊ लागले. हाराल्ड यांनी कारखान्याची सूत्रे हाती घ्यावीत अशी वडिलांची इच्छा होती. परंतु हाराल्ड यांचा ओढा वैद्यकाकडे होता आणि त्यांनी तोच मार्ग निवडला.

त्यांचे धाकटे बंधू हाइन्रिख हिर्शस्प्रुंग (१८३६–१९०८) हे मात्र व्यवसायात राहिले. हाइन्रिख यांनी मिळवलेल्या संपत्तीतून डॅनिश चित्रकारांच्या कलाकृतींचा मोठा संग्रह जमवला व तो राष्ट्राला अर्पण केला. या संग्रहाचे संग्रहालय कोपनहेगनमध्ये १९११ साली खुले झाले. त्यामुळे डेन्मार्कमध्ये हिर्शस्प्रुंग हे नाव चित्रसंग्रहालयामुळे, तर उर्वरित जगात मुख्यतः एका रोगामुळे परिचित आहे.

शिक्षण आणि प्रबंध

हाराल्ड यांनी कोपनहेगन विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण घेतले. ते विद्यार्थी असताना, १८५३ मध्ये, कोपनहेगनमध्ये पटकीची भीषण साथ आली होती व तीत सुमारे ५,००० लोक मृत्युमुखी पडले. त्या काळी रोगजंतूंचे ज्ञान नव्हते आणि लहान मुलांच्या आजारांसाठी वैद्यकाची स्वतंत्र शाखाही नव्हती. बालक म्हणजे लहान आकाराचा प्रौढ मनुष्य, असे धरूनच बहुतेक ठिकाणी उपचार होत. हिर्शस्प्रुंग १८५५ मध्ये अंतिम परीक्षा उत्तीर्ण झाले.

१८६१ मध्ये त्यांनी डॉक्टरेटसाठी डॅनिश भाषेत प्रबंध सादर केला. अन्ननलिका जन्मतःच बंद असणे आणि लहान आतडे जन्मतःच बंद असणे हे त्याचे विषय होते. अन्ननलिका बंद असलेले अर्भक पाजलेले दूध लगेच बाहेर टाकते, त्याच्या तोंडातून लाळ व फेस येत राहतो आणि दूध श्वासमार्गात जाऊन ते गुदमरते. या विकारावर त्या वेळी कोणताही उपचार नव्हता. अन्ननलिकेची दोन्ही टोके एकाच शस्त्रक्रियेत जोडून असे बालक वाचवण्यात पहिले यश अमेरिकन शल्यविशारद कॅमेरॉन हाइट यांना १९४१ मध्ये, म्हणजे या प्रबंधानंतर ८० वर्षांनी मिळाले.

ज्या रोगावर उपायच नाही, त्याच्या अभ्यासात वेळ घालवणे अनेकांना निरर्थक वाटत असे. हिर्शस्प्रुंग यांनी मात्र अशाच विकारांची निवड केली. रुग्णाची लक्षणे काळजीपूर्वक टिपायची, मृत्यू झाल्यास शवविच्छेदनातील निष्कर्ष त्या लक्षणांशी ताडून पाहायचे आणि दोन्हींची नोंद प्रसिद्ध करायची, ही त्यांची पद्धत या प्रबंधापासून अखेरपर्यंत कायम राहिली.

बालरुग्णालयातील कार्य

१८७० मध्ये हिर्शस्प्रुंग यांची कोपनहेगनमधील रिगेन्सगेड रस्त्यावरच्या लहानशा बालरुग्णालयात नेमणूक झाली. डेन्मार्कमध्ये केवळ मुलांच्या आजारांना वाहून घेतलेले ते पहिले वैद्य मानले जातात. १८७९ मध्ये शहरात 'राणी लुईझे बालरुग्णालय' सुरू झाले व त्याचे मुख्य वैद्य म्हणून त्यांची नियुक्ती करण्यात आली. हे रुग्णालय राजे नववे ख्रिश्चन यांच्या पत्नी राणी लुईझे यांच्या नावाने उभारलेले होते. पुढील २५ वर्षे हिर्शस्प्रुंग यांनी या पदावर काम केले.

या काळातील एक हकीगत त्यांच्याविषयी सांगितली जाते. प्रत्येक खाटेच्या डोक्याशी बायबलमधील वचने लावावीत अशी राणीची इच्छा होती. आजारी मुलांच्या डोळ्यांसमोर प्राण्यांची चित्रे असावीत, असे हिर्शस्प्रुंग यांचे मत होते व ते त्यावर ठाम राहिले. त्यामुळे राणी नाराज झाली व तिने रुग्णालयात पाऊल ठेवणार नाही असे ठरवले, असे म्हणतात. तपशिलात कमी-अधिक असले, तरी रुग्णालयाकडे ते बालकाच्या दृष्टीने पाहत असत हे या हकीगतीवरून दिसते.

अध्यापक म्हणून त्यांना तितकीशी लोकप्रियता लाभली नाही. त्यांचे वक्तृत्व प्रभावी नव्हते आणि त्यांचे वर्ग रविवारी सकाळी भरत असल्याने विद्यार्थ्यांची उपस्थितीही बेताची असे, असे त्यांच्याविषयी लिहिले गेले आहे. १८९१ मध्ये त्यांना प्राध्यापक ही पदवी देण्यात आली. त्यांचा खरा प्रभाव मात्र लेखनातून पडला. डॅनिश भाषेचा वाचकवर्ग मर्यादित असल्याने त्यांनी आपले पुढील महत्त्वाचे निबंध जर्मन भाषेत प्रसिद्ध केले. जर्मन ही त्या काळी वैद्यकीय संशोधनाची प्रमुख भाषा होती.

आतड्यात आतडे शिरणे या विकारावरील उपचार

हिर्शस्प्रुंग यांच्या हयातीत ज्या कार्याने प्रत्यक्ष बालकांचे प्राण वाचले, ते 'इंटससेप्शन' या विकारासंबंधीचे होते. या विकारात आतड्याचा वरचा भाग त्याच्या पुढच्या भागात दुर्बिणीच्या नळ्या एकमेकींत सरकाव्यात तसा शिरतो. एक वर्षाखालील मुलांमध्ये तो अधिक आढळतो. अगदी धडधाकट असलेले मूल अचानक किंचाळून रडू लागते, पाय पोटाशी घेते, थोडा वेळ शांत होते आणि पुन्हा कळवळते. उलट्या सुरू होतात, शीतून रक्त व शेंब पडते आणि पोटात सांडग्याच्या आकाराची गाठ हाताला लागते. अडकलेल्या भागाचा रक्तपुरवठा तुटला, तर आतडे कुजून मूल दगावते.

त्या काळी पोट उघडून अडकलेले आतडे सोडवणे अत्यंत धोक्याचे होते. ब्रिटिश शल्यविशारद जोनाथन हचिन्सन यांनी १८७१ मध्ये एका दोन वर्षांच्या मुलावर अशी शस्त्रक्रिया यशस्वी केली होती. परंतु सर्वसाधारणपणे शस्त्रक्रियेनंतर बालक वाचण्याची आशा फार थोडी असे. हिर्शस्प्रुंग यांनी दुसरा मार्ग पद्धतशीरपणे अवलंबला. गुदद्वारातून एनिमाच्या नळीने पाणी सोडायचे, त्याच्या दाबाने आत शिरलेला भाग मागे ढकलायचा आणि त्याच वेळी पोटावरून हाताने गाठ सोडवण्याचा प्रयत्न करायचा, अशी ही पद्धत होती. तिच्या यशाविषयी त्यांनी १८७६ मध्ये लेखन प्रसिद्ध केले.

पुढील तीन दशके त्यांनी प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवली. १९०५ मध्ये त्यांनी १०७ रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांतील मृत्यूचे प्रमाण ३५ टक्के होते. आजच्या दृष्टीने हा आकडा मोठा वाटतो. पण ज्या विकारात बहुसंख्य मुले दगावत, त्यात दर तीन मुलांपैकी जवळजवळ दोन मुले वाचणे ही त्या काळात असामान्य गोष्ट होती. आज याच तत्त्वावर क्ष-किरण अथवा सोनोग्राफीच्या देखरेखीखाली हवेच्या किंवा द्रवाच्या दाबाने आतडे सोडवले जाते. वेळेवर आणलेल्या बहुतेक मुलांना त्यामुळे शस्त्रक्रियेची गरज पडत नाही.

जठराच्या निर्गमद्वाराचा विकार

जठर व लहान आतडे यांच्या सांध्यावर एक स्नायूंचे वलय असते. काही अर्भकांमध्ये हे वलय जाड होऊन मार्ग अरुंद होतो. अशी अर्भके जन्मानंतर काही आठवड्यांनी दूध जोराने दूरवर ओकू लागतात, पुन्हा भुकेने रडतात आणि दिवसेंदिवस खंगत जातात. अशा दोन अर्भकांची लक्षणे व शवविच्छेदनातील निष्कर्ष हिर्शस्प्रुंग यांनी १८८८ मध्ये प्रसिद्ध केले. या विकाराचे तुरळक उल्लेख त्यापूर्वीही झालेले होते. परंतु तो एक स्वतंत्र व ओळखता येण्याजोगा विकार आहे, ही जाणीव वैद्यकवर्गात या निबंधामुळे रुजली. या विकारावर जाड झालेल्या स्नायूला चीर देण्याची सोपी व परिणामकारक शस्त्रक्रिया जर्मन शल्यविशारद कॉनराड रामश्टेट यांनी १९१२ मध्ये प्रसिद्ध केली. ती आजही केली जाते.

बर्लिन येथील निबंध

१८८६ मध्ये बर्लिन येथे झालेल्या बालरोगतज्ज्ञांच्या सभेत हिर्शस्प्रुंग यांनी दोन अर्भकांचा वृत्तान्त सादर केला. दोन वर्षांनी, १८८८ मध्ये, तो जर्मन नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नवजात अर्भकांमध्ये मोठे आतडे फुगल्यामुळे व त्याची भित्ती जाड झाल्यामुळे होणारे बद्धकोष्ठ, असा त्याचा विषय होता.

दोन्ही अर्भकांची कहाणी सारखी होती. जन्मापासून त्यांना आपोआप शौचास होत नव्हते. पोट नगाऱ्यासारखे फुगलेले असे. रेचके आणि एनिमा यांच्या साहाय्याने तात्पुरता आराम पडे व पुन्हा तीच स्थिती येई. पुढे अतिसार सुरू झाला, प्रकृती खालावत गेली आणि वयाचे पहिले वर्ष पूर्ण होण्यापूर्वीच दोघेही दगावले.

शवविच्छेदनात मोठे आतडे प्रचंड फुगलेले आढळले. त्याची भित्ती जाड झाली होती व आतील अस्तरावर व्रण पडले होते. मार्ग अडवणारी गाठ, पीळ अथवा पडदा कोठेही सापडला नाही. आतड्याचा शेवटचा भाग, म्हणजे गुदाशय, मात्र फुगलेला नव्हता. ही गोष्टही हिर्शस्प्रुंग यांनी नोंदवून ठेवली. सर्व पाहून त्यांनी असा निष्कर्ष काढला की हा फुगवटा जन्मजात असावा आणि बद्धकोष्ठ हा त्याचा परिणाम असावा.

पूर्वीच्या नोंदी

मोठे आतडे फुगलेल्या रुग्णांचे उल्लेख हिर्शस्प्रुंग यांच्यापूर्वीही सापडतात. डच शरीरशास्त्रज्ञ फ्रेडरिक राइश यांनी १६९१ मध्ये एका पाच वर्षांच्या मुलीच्या शवविच्छेदनात अशी स्थिती पाहिली होती. आयुर्वेदातील 'सुश्रुतसंहिता' या ग्रंथात उदररोगाच्या आठ प्रकारांमध्ये 'बद्धगुदोदर' या प्रकाराचा समावेश आहे. मळाचा मार्ग अडल्याने पोट फुगणे हे त्याचे लक्षण सांगितले आहे. काही अभ्यासकांनी त्याचा संबंध हिर्शस्प्रुंग रोगाशी जोडला आहे; तथापि आतड्याचा मार्ग अनेक कारणांनी अडू शकत असल्याने हे दोन्ही एकच आहेत असे म्हणता येत नाही.

हिर्शस्प्रुंग यांचे वेगळेपण असे की त्यांनी जन्मापासून मृत्यूपर्यंतचा लक्षणांचा क्रम आणि शरीरातील बदल यांची सांगड घातली. त्यामुळे इतर देशांतील वैद्यांना आपल्याकडील तशाच रुग्णांची ओळख पटू लागली व थोड्याच वर्षांत या रोगाला त्यांचे नाव रूढ झाले.

कारणाविषयीचा गैरसमज

हिर्शस्प्रुंग यांचा निष्कर्ष त्यांच्यापुढील पुराव्याशी जुळणारा होता. क्ष-किरणांचा शोध १८९५ मध्ये लागला. १८८६ मध्ये जिवंत अर्भकाच्या आतड्यांची हालचाल पाहण्याचे कोणतेही साधन नव्हते. जे फुगलेले, जाड झालेले व व्रणयुक्त होते, तेच रोगट असणार, असे मानणे स्वाभाविक होते.

याचा परिणाम पुढील अनेक वर्षांच्या उपचारांवर झाला. काही शल्यविशारदांनी फुगलेला भाग कापून काढला व उरलेले आतडे खालच्या अरुंद भागाला जोडले. काही काळ बरे वाटे. मग पोट पुन्हा फुगू लागे, कारण खरा अडथळा जागच्या जागीच राहिलेला असे. १९२० च्या दशकात आतड्याच्या हालचालींना आळा घालणाऱ्या कंबरेजवळील चेता तोडण्याचा उपायही सुरू झाला. त्यानेही टिकाऊ गुण आला नाही. बहुतेक मुलांचे आयुष्य रोजचे एनिमे, वारंवार होणारे आजार आणि अकाली मृत्यू यांतच सरत असे.

वेगळा विचार करणारे अगदीच नव्हते असे नाही. ब्रिटिश शल्यविशारद फ्रेडरिक ट्रीव्हज यांनी १८९८ मध्ये अडथळा खालच्या अरुंद भागात असावा असे मत मांडले होते. १९०१ मध्ये कार्ल टिटेल यांनी अशा एका बालकाच्या आतड्याची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली व त्याच्या भित्तीतील चेतापेशी जवळजवळ नाहीशा असल्याची नोंद केली. ही निरीक्षणे हिर्शस्प्रुंग यांच्या हयातीतच प्रसिद्ध झाली होती. परंतु त्यांचे महत्त्व त्या काळी कोणाच्या फारसे ध्यानात आले नाही.

निवृत्ती आणि मृत्यू

मेंदूच्या विकाराने प्रकृती ढासळल्यामुळे १९०४ मध्ये हिर्शस्प्रुंग यांनी रुग्णालयातील पद सोडले. ११ एप्रिल १९१६ रोजी वयाच्या ८५ व्या वर्षी कोपनहेगन येथे त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांच्या नावाचा रोग वैद्यकीय ग्रंथांत समाविष्ट झालेला होता. त्यावर खात्रीचा उपचार मात्र नव्हता.

कारणाचा उलगडा

अन्न पुढे ढकलण्यासाठी आतड्याचा एक भाग आकुंचन पावतो आणि त्याच्या पुढचा भाग सैल पडतो. ही लाटेसारखी हालचाल आतड्याच्या भित्तीतच असलेल्या चेतापेशींच्या जाळ्यांमुळे होते. या जाळ्यांचा शोध जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग माइस्नर व लेओपोल्ड आउअरबाख यांनी १८५० ते १८६५ या काळात लावला होता. गर्भावस्थेत, साधारण पाचव्या ते बाराव्या आठवड्यांच्या दरम्यान, या पेशींचे पूर्वज अन्ननलिकेकडून गुदद्वाराच्या दिशेने प्रवास करीत आतड्यात पसरतात. हा प्रवास मध्येच थांबला, तर पुढचा भाग चेतापेशींविना राहतो. असा भाग सैल पडू शकत नाही. तो कायम आवळलेला राहतो. मळ व वायू त्याच्या वर साचत जातात आणि वरचे निरोगी आतडे जोर करून करून जाड होते व फुगते. पेशींचा प्रवास वरून खाली होत असल्याने रोगट भाग नेहमी गुदद्वारापासून सुरू होऊन वर जातो. बहुसंख्य रुग्णांमध्ये तो गुदाशय व त्याला लागून असलेल्या वळणदार आतड्यापुरता मर्यादित असतो. क्वचित संपूर्ण मोठे आतडे चेतापेशींविना असते.

हे चित्र स्पष्ट होण्यास बराच काळ लागला. १९२० मध्ये इटलीतील दाल्ला व्हाल्ले यांनी दोन भावांच्या आतड्यांत खालच्या भागात चेतापेशी नसल्याचे व वरच्या भागात त्या असल्याचे दाखवले. १९४६ मध्ये स्वीडनमधील थिओडोर एरेनप्राइस यांनी फुगवटा हा रोगाचा परिणाम असून कारण नव्हे, असे प्रतिपादन केले. याच सुमारास अमेरिकेतील बॉस्टन बालरुग्णालयात ऑर्व्हार स्वेन्सन (१९०९–२०१२) हे अशा मुलांवर उपचार करीत होते. पोटावर छिद्र करून मोठे आतडे बाहेर काढले की मुले झपाट्याने सुधारतात आणि ते छिद्र बंद करून मळ पुन्हा खालच्या मार्गाने सोडला की जुनी लक्षणे परततात, असे त्यांना आढळले. वरचे आतडे काम करू शकते, पण खालचे करीत नाही, असा याचा अर्थ होता. आतड्यातील दाबाच्या नोंदी घेऊन त्यांनी ते पडताळून पाहिले.

१९४८ मध्ये स्वेन्सन व अलेक्झांडर बिल यांनी नवी शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. तीत अरुंद, चेतापेशी नसलेला भाग काढून टाकला जातो आणि वरचे निरोगी आतडे खाली ओढून गुदद्वाराशी जोडले जाते; मळावर ताबा ठेवणारे स्नायू मात्र सुरक्षित राखले जातात. हिर्शस्प्रुंग यांनी १८८६ मध्ये न फुगलेला म्हणून नोंदवलेला भागच काढून टाकण्याने अखेर मुले बरी होऊ लागली.

आजचे निदान व उपचार

हिर्शस्प्रुंग रोग सुमारे ५,००० जन्मांमागे एका बालकात आढळतो. मुलींपेक्षा मुलांमध्ये त्याचे प्रमाण सुमारे चौपट आहे. डाउन सिंड्रोम असलेल्या बालकांमध्ये तो तुलनेने अधिक दिसतो. १९९४ मध्ये 'आरईटी' या जनुकातील बिघाडाशी त्याचा संबंध सिद्ध झाला. त्यानंतर इतरही काही जनुकांचा सहभाग आढळला आहे.

रोगाची पहिली खूण बहुधा जन्मानंतर दोन दिवसांतच दिसते. पूर्ण दिवसांच्या बहुतेक निरोगी बालकांना पहिली काळपट, चिकट शी २४ तासांत होते व ४८ तासांपर्यंत ती जवळजवळ सर्वांनाच होते. त्यास उशीर होणे, पोट फुगणे आणि हिरवट-पिवळी उलटी होणे ही लक्षणे असल्यास तातडीने तपासणी आवश्यक असते. सौम्य स्वरूपात रोग असलेल्या मुलांचे निदान काही महिन्यांनी वा वर्षांनी होते. क्वचित तो प्रौढपणी उघडकीस येतो. मुलांमधील बद्धकोष्ठाच्या बहुसंख्य तक्रारी मात्र आहार व सवयींशी संबंधित असतात. त्यांपैकी फार थोड्यांमध्ये हा रोग असतो. जन्मापासूनच तक्रार असणे, वाढ खुंटणे व पोट सतत फुगलेले राहणे यांवरून वैद्य हा फरक ओळखतात.

निदानासाठी क्ष-किरणांना न जुमानणारा द्रव गुदद्वारातून सोडून चित्रे घेतली जातात. त्यांत अरुंद भाग व त्याच्या वरचा फुगलेला भाग यांची सीमा दिसू शकते. अंतिम निदान गुदाशयाच्या अस्तराचा लहानसा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून केले जाते. १९६९ मध्ये हेलेन नोब्लेट यांनी वर्णन केलेल्या शोषण-नळीमुळे हा तुकडा अर्भकाला भूल न देताही घेता येऊ लागला.

स्वेन्सन यांच्यानंतर फ्रान्समधील बेर्नार द्युआमेल यांनी १९५६ मध्ये आणि इटलीतील फ्रांको सोआव्हे यांनी १९६४ मध्ये शस्त्रक्रियेच्या सुधारित पद्धती मांडल्या. आता दुर्बिणीच्या साहाय्याने, तर अनेकदा पोटावर छेद न घेता केवळ गुदद्वाराच्या मार्गाने ही शस्त्रक्रिया केली जाते. शस्त्रक्रियेनंतरही काही मुलांना बद्धकोष्ठ, मळावर ताबा न राहणे अथवा आतड्याचा तीव्र दाह असे त्रास होऊ शकतात. ताप, पोटफुगी व दुर्गंधीयुक्त जुलाब ही या दाहाची लक्षणे असून त्यात जीवाला धोका असतो. हिर्शस्प्रुंग यांच्या दोन्ही रुग्णांना शेवटी झालेला अतिसार बहुधा याच दाहाचा असावा. वेळेवर उपचार मिळालेली बहुसंख्य मुले आज मोठी होऊन सर्वसामान्य जीवन जगतात.

मूल्यमापन

हिर्शस्प्रुंग यांनी निवडलेल्या बहुतेक विकारांवर त्यांच्या हयातीत इलाज नव्हता. अन्ननलिका बंद असलेले बालक, जठराचा मार्ग अरुंद झालेले बालक आणि फुगलेल्या आतड्याचे बालक यांपैकी कोणालाही ते स्वतः वाचवू शकले नाहीत. इंटससेप्शनच्या बाबतीत मात्र त्यांनी साध्या उपायाने व चिकाटीने अनेक बालकांचे प्राण वाचवले. हे कार्य त्यांच्या नावाच्या रोगाइतके प्रसिद्ध नाही.

त्यांच्या निबंधाचे मोल निष्कर्षापेक्षा नोंदीत अधिक आहे. गुदाशय फुगलेला नव्हता, ही बाब त्यांच्या स्वतःच्या स्पष्टीकरणाला पोषक नव्हती. तरीही त्यांनी ती वगळली नाही. पुढील पिढीला कारणाचा शोध घेताना नेमकी हीच नोंद उपयोगी पडली. बालकाच्या आजाराचा स्वतंत्र अभ्यास झाला पाहिजे आणि दुर्मिळ विकारही पूर्ण लक्ष देऊन नोंदवला पाहिजे, हा त्यांचा आग्रह पुढे बालरोगशास्त्र व बालशल्यचिकित्सा या दोन्ही शाखांनी स्वीकारला.